तिथी पाहून समुद्राकडे

दिवाळीत कोकणचा किनारा गजबजतो. लक्ष्मीपूजन आटोपले की पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या घाट उतरू लागतात आणि भाऊबीजेपर्यंत मालवणात खोली मिळणे मुश्कील होते. या गर्दीच्या सहसा ध्यानात येत नाही ते असे : लक्ष्मीपूजन अमावास्येचे असते आणि अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत आल्याने समुद्राला उधाण येते. उधाणाचा जोर कळसाला पोचतो तो अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे नेमका पाडवा-भाऊबीजेला. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खालीही उतरते आणि एरवी बुडालेले खडक तास-दोन तास उघडे पडतात. पंधरवड्यातली सर्वांत मोठी ओहोटी आणि घरातली सर्वांत मोठी सुट्टी दरवर्षी अशी हातात हात घालून येतात. पण सुट्टीवर आलेले कुटुंब आठला उठते, आंबोळी-चहा करून अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचते. तोवर पहाटेची ओहोटी होऊन पाणी भरत आलेले असते. समोर उरतात त्या बनाना राइडच्या, जेटस्कीच्या आणि पॅरासेलिंगच्या रांगा. माझे म्हणणे एवढेच आहे की, मुलांना घेऊन समुद्रावर घालवायचा दिवस हॉटेलच्या न्याहारीवर न आखता भरती-ओहोटीवर आखावा. तसा आखला तर तो अधिक आनंदाचा, कमी खर्चाचा आणि जास्त सुरक्षित होतो, आणि किनाऱ्यालाही कमी जाचतो. मालवणचा परिसर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

हा हिशेब अवघड मुळीच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आडाखा मुंबईच्या आणि कोकणच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास भरती. तिच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या आधी पोचते. भाऊबीजेला मालवणची ओहोटी साधारण सकाळी साडेसहा-सातला, म्हणजे सूर्योदयालाच धरावी. हा आडाखा ढोबळ आहे. दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक दुसरीपेक्षा खाली जाते, तेव्हा अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते किंवा त्यांवर बेतलेली फोनवरची माहिती बघावी. फोनमध्ये सगळे असताना तिथी कशाला, असे कुणी विचारील. फोन आजची वेळ सांगतो. तिथी सांगते की पुढच्या महिन्यात कोणते दोन दिवस सुट्टी काढण्यासारखे आहेत. शिवाय आपले सण आधीच या हिशेबात बांधलेले आहेत. नारळी पौर्णिमा, कोजागरी, होळी ही सगळी उधाणाची पर्वे. अनंत चतुर्दशीही त्यांना लागूनच येते, म्हणून मुंबईत विसर्जनाच्या दिवशी भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापावी लागते. मराठी घराला समुद्राचे घड्याळ परके नाही, फक्त सहलीच्या दिवशी ते बघायचे राहून जाते.

मालवणचे बंदर म्हणजे खडकांच्या रांगांनी खुल्या समुद्रापासून राखलेला एक उथळ कोनाडा आहे. हे खडक भरतीत दिसत नाहीत, ओहोटीत माथे वर काढतात. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गासाठी कुरटे बेट निवडले त्यामागे ही रचना होती. अनोळखी जहाजाला या खडकांतून वाट काढणे जमू नये आणि गावच्या नाखव्याला ती डोळे मिटून सापडावी, यात किल्ल्याचे अर्धे बळ होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कामाला आरंभ झाला आणि तीन वर्षांत सिंधुदुर्ग उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत हा आहे. आज बहुतेक कुटुंबे होडीतून किल्ल्यात जातात, महाराजांच्या हातापायांचे ठसे बघतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडतात आणि तासाभरात परततात. हे दर्शन भरतीच्या वेळीही होते. पण किल्ला तिथे का बांधला, हे मुलांना कळायचे असेल तर ओहोटीत किनाऱ्यावर उभे राहून ते उघडे पडलेले खडक दाखवावे लागतात. शेजारचा छोटा पद्मगड तर ओहोटीचाच किल्ला. दांडीच्या किनाऱ्याकडून त्याच्यापर्यंत जाणारी वाळूची वाट पाणी उतरल्यावर उघडते आणि भरतीत बुडते. स्थानिक माणसाला विचारून, पाणी उतरत असताना त्या वाटेच्या तोंडाशी नुसते उभे राहिले तरी जलदुर्ग हा शब्द दहा वर्षांच्या मुलाला समजतो. सिंधुदुर्गाच्या आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही त्याच धड्याचा भाग आहेत. बेटाच्या पोटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते वर तरंगत टिकू शकते. चारी बाजूंनी समुद्र असताना गोडे पाणी कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर शोधायला लावणारी याहून चांगली प्रयोगशाळा कोणत्या शाळेत आहे?

खरी श्रीमंती मात्र खडकांवर आहे. चिवल्याच्या किनाऱ्याजवळची रॉक गार्डन ही जागा बहुतेकांना सूर्यास्ताच्या फोटोंसाठी माहीत असते. उधाणाच्या ओहोटीत तिथल्या खडकांवर वरून खाली उतरत गेले की एकेक मजला लागतो. सर्वांत वर, जिथे पाणी थोडाच वेळ पोचते, तिथे खडकाला घट्ट चिकटलेले बारीक टोकदार कवचांचे जीव आणि चिमुकले शंख. त्याखाली कालवे. आणखी खाली हिरवे-तपकिरी शेवाळ, बोटभर पाण्याच्या डबक्यात फुलासारखे उमललेले समुद्रफूल, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून हिंडणारा खेकडा, खडकाच्या रंगात मिसळून गेलेला मासा. प्रत्येकाने आपली जागा उन्हात किती वेळ तग धरता येतो यावर ठरवलेली असते. हे सगळे अवघ्या काही पावलांत दिसते आणि डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत बदलत जाणारी झाडी बघण्याइतकेच ते थक्क करणारे आहे. वाळूवरही ओहोटीतच गंमत असते. पाणी सरकताच बारके खेकडे बिळातून निघून वाळू चाळतात आणि मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी बिळाभोवती मांडून ठेवतात. ती पुढच्या भरतीत पुसली जाते. हे बघायला तिकीट लागत नाही, पोहता यावे लागत नाही आणि वयाची अट नाही. मुंबईसारख्या शहरात, जिथे समुद्र म्हणजे गढूळ पाणी असाच समज होता, तिथे २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने लोकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन समुद्रफुले, गोगलगायी, प्रवाळही दाखवले. लहान मुले घेतलेले आईवडील त्या फेऱ्यांना येतात. गिरगाव-हाजीअलीच्या खडकांवर जे रमण्यासारखे ठरते, ते मालवणच्या स्वच्छ पाण्यात न रमण्यासारखे कसे असेल?

भरती-ओहोटीवर बेतलेला दिवस माणसांच्या उद्योगाशीही गाठ घालून देतो. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवर अजून रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत नेतात, त्याची दोन टोके किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा दोर खेचत हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. मासळी आली की तिचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. गाबीत समाजाच्या या जुन्या भागीदारीत गणित, अर्थशास्त्र आणि शेजारधर्म एकत्र येतात. पाहुण्यांनी विचारून दोराला हात लावला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या लयीत पाय रोवून ओढणे हा मुलांसाठी कोणत्याही राइडहून मोठा अनुभव असतो. पुढे बंदरावरचा मासळीचा लिलाव बघावा. बांगडा, पेडवे, तारली यांचे ढीग, बोली लावणाऱ्या बायका, क्षणात ठरणारे भाव. यांत्रिक पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणीचे जाळे अनेकदा रिकामे येते, ही तक्रारही तिथेच कानावर पडते. ताटातला बांगडा कुठून आला आणि उद्या येईल का, हा प्रश्न मुलांना पडणे ही सहलीची मोठी कमाई आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली अरुंद पट्टी आहे. तिच्या टोकाला संगम, आणि संगमाजवळ लोक ज्याला सुनामी बेट म्हणतात तो वाळूचा उंचवटा. पाणी चढते तसे हे बेट आक्रसत जाते. ओहोटी सुरू असताना खाडीचे पाणी जोराने बाहेर धावते आणि समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडली की मुखाशी लाटा उभ्या आणि आखूड होतात, आणि छोट्या होडीला तीच जागा सर्वांत अवघड. वाळूच्या किनाऱ्यावरही पाणी उतरत असताना ओढ बाहेरच्या दिशेने असते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते, तोल गेला की पुढची लाट त्याला आणखी आत नेते. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांच्या गटातले ८ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. या घटनांची कारणे वेगवेगळी असतील. पण अनोळखी किनाऱ्यावर पाणी आत्ता चढते आहे की उतरते आहे, हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या पावलापासूनच धोक्यात असतो. भरती-ओहोटी बघून निघालेल्या कुटुंबाला हे ठाऊक असते. ते खडकांवर पाणी उतरत असताना जाते, ओहोटीचा तळ लागताच परत फिरते, पाण्यात खेळायचे तर पाणी चढत असताना आणि उथळ सपाट वाळूवर खेळते, आणि संगमाची होडी कधी घ्यावी हे होडीवाल्याला विचारू शकते. तिथीने सगळे कळते असे नव्हे. वारा आणि दूरच्या वादळाने येणारी लाट तिथीत दिसत नाही. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा इशारा बघावा आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाचे ऐकावे. मे अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात. त्या काळात समुद्राकडे लांबून बघणे एवढीच सहल.

मग पाण्याखालचे जग बघायचेच नाही का? जरूर बघावे, फक्त त्यासाठी पंधरवड्यातले दुसरे दिवस निवडावेत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी थोडेच चढते, थोडेच उतरते, प्रवाह मंद राहतो आणि तळाची माती कमी ढवळते. समुद्र शांत असेल तर स्नॉर्कलिंगला हे दिवस उधाणापेक्षा चांगले. ज्यांची सुट्टी अष्टमी-नवमीला येते त्यांनी खडकांचा हट्ट सोडून पाण्यात उतरावे, ज्यांची पौर्णिमा-अमावास्येला येते त्यांनी पाण्यापेक्षा खडक धरावेत. मुलांना स्कूबाची घाई करण्यात अर्थ नाही. पोटरीभर पाण्यात काच लावून खाली बघणे सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरते. पण एक भान हवे. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आहे आणि सिंधुदुर्ग-पद्मगडाभोवतीचे पाणी त्याचा गाभा आहे. प्रवाळ हा दगड नसून जीव आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. त्यावर उभे राहून फोटो काढणे किंवा तुकडा मोडून खिशात घालणे हा गुन्हा आहे, आणि हे आईवडिलांनी पाण्यात उतरण्याआधी सांगायला हवे.

या सगळ्यावर रास्त आक्षेप आहेत. पहिला किनाऱ्यावरच्या माणसांचा. जलक्रीडा, होड्या, खोल्या यांवर शेकडो घरे चालतात. मासळी घटली तेव्हा पर्यटनाने हात दिला. अभयारण्य जाहीर झाले तेव्हाही मच्छीमारांनी विरोध केला तो पोटाच्या धास्तीनेच. बाहेरच्यांनी येऊन त्यांना निसर्ग शिकवू नये, हे मलाही मान्य आहे. पण ओहोटीचा दिवस उत्पन्न कमी करत नाही, त्याची वाटणी बदलतो. खडकांवर कोणत्या डबक्यात काय असते, पद्मगडाची वाट कधी बुडते, रापण आज कुठे लागणार, हे सांगू शकणारा माणूस गावचाच असतो आणि ते ज्ञान विकत घ्यायला इंजिन लागत नाही. जवळच वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी हेच केले. होडी वल्हवत त्या पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, झाडे-पक्षी ओळखून देतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या पिल्लांनी गावातली घरे पाहुण्यांना उघडून दिली. मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीचे वाटाडे उभे राहिले तर तो रोजगार मुख्यतः गावातल्या बायकांचा आणि तरुणांचा असेल.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. हजारो माणसे खडकांवर उतरली तर तिथले जीव चिरडले जातील. हे खरे आहे, आणि यावर शिस्तीखेरीज उपाय नाही. उघड्या खडकावर पाऊल टाकावे, शेवाळ आणि डबके टाळावे. उचललेला दगड होता तसाच ठेवावा. जिवंत शंख-शिंपला घरी नेऊ नये. गट दहा-पंधरा जणांपेक्षा मोठा नसावा. मुंबईच्या फेऱ्या अशाच नियमांत चालतात. उलट बाजूही बघायला हवी. ज्या जागेत काही आहे हे कुणालाच ठाऊक नसते तिथे कचरा आणि सांडपाणी टाकताना कुणाचे मन कचरत नाही. आठव्या वर्षी समुद्रफूल मिटताना पाहिलेले मूल मोठेपणी त्या खडकावर भराव घालायला सहज तयार होणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. कुटुंबाकडे दोनच दिवस असतात, त्यांत लहान मुले, वयस्कर आजी-आजोबा, कुणाचे गुडघे दुखतात, पहाटे कोण उठणार? आणि मुले तर जेटस्कीच मागतात. वयस्करांचा विचार करूनच ओहोटीचा दिवस सुचवतो आहे. चिवल्याच्या ओल्या टणक वाळूवर काठी टेकत चालणे आजीला कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा सोपे जाते, आणि रापण तिला जागेवर बसून बघता येते. दोन दिवस असले तरी चार ओहोट्या मिळतात, त्यांतली एखादी तरी उजेडाची असतेच. भाऊबीजेचे उदाहरण घ्यावे. सकाळी साडेपाचला चहा, उजाडताच खडक, आठपर्यंत रापण. नंतर न्याहारी, दहा-साडेदहाला पाणी भरत असताना किल्ल्याची होडी, दुपारी सोलकढी-भात आणि झोप, संध्याकाळी पुन्हा उतरत्या पाण्याकडे बघत चिवल्यावर फेरफटका, रात्री गावात दशावतार असेल तर तो. यात जेटस्कीची पंधरा मिनिटे बसवायला कुणाची ना नाही. पण ती दिवसाचा विषय होऊ नयेत. मुले राइड मागतात, कारण आपण त्यांना तेवढेच दाखवतो. कुठल्याही वाळूवर चार वर्षांच्या मुलाला मोकळे सोडून बघावे, ते राइडकडे न जाता खेकड्याच्या बिळापाशी बसते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. मालवणच्या जेट्टीवर, बसस्थानकावर, तारकर्ली-देवबागच्या प्रत्येक निवासात आजची भरती-ओहोटी खडूने लिहिलेला एक फळा लागावा. त्याखाली आज खडकांवर कधी जावे आणि कधी परतावे, पाण्यात कुठे उतरू नये, एवढ्या तीन ओळी असाव्यात. नगरपालिका, बंदर खाते, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मच्छीमार संस्थांनी मिळून गावातल्या तरुणांना ओहोटीचे वाटाडे म्हणून तयार करावे. शाळांनी सहलीची तारीख बसच्या सवलतीवर न ठरवता तिथीवर ठरवावी. आणि वाचकांना एक विनंती. पुढची समुद्रसहल ठरवताना खोली आरक्षित करण्याआधी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढा, तारखेखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी मुलांना वाचायला सांगा आणि तिची पाऊणपट त्यांनाच करू द्या. सहलीची सुरुवात तिथूनच होईल.